आवळण्याआधी

गाडीखाली तेलाचा डाग दिसला की आपल्याकडे सगळ्यात आधी मिळणारा सल्ला म्हणजे, बोल्ट आवळून घे. शेजारी सांगतात, पेट्रोल पंपावरचा पोरगा सांगतो, गॅरेजवालाही पुष्कळदा पाना हातात घेऊनच खाली वाकतो. मग दोन दिवस गळती थांबल्यासारखी वाटते आणि त्यानंतर आधीपेक्षा जोरात सुरू होते. आवळूनही तेल का गळतं, हे मला स्वतःच्या हातांनी कळून घ्यायचं होतं. म्हणून माझ्या जुन्या मारुती ८००च्या ऑइल चेंबरचं पॅकिंग मी घरच्या अंगणात बदललं. गाड्यांबद्दल मराठीत वाचायला मिळतं ते बहुतेक मायलेजचं आणि किमतीचं. हात काळे होतात त्या कामाबद्दल सविस्तर लिहिलेलं फार थोडं सापडतं. आमच्या बेळगावात ते ज्ञान गल्लोगल्ली आहे, पण सगळं तोंडी. त्यातलं थोडं तरी कागदावर उतरावं म्हणून हे लिहिते आहे.

इंजिनाच्या बुडाला बोल्टांनी जोडलेलं पत्र्याचं भांडं म्हणजे चेंबर. गाडी उभी असली की तेल त्यात साठून राहतं. इंजिन सुरू झालं की पंप तळाजवळच्या जाळीतून ते ओढतो, फिल्टरमधून गाळून क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, बेअरिंगांना, कनेक्टिंग रॉडांना, पार वर कॅमशाफ्टपर्यंत पोचवतो आणि तिथून ते आपल्या वजनानं परत खाली उतरतं. वरचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं मुख्य अंग, ओतीव, जाड, ताठ. खालचं भांडं पातळ पत्रा दाबून केलेलं. तापल्यावर दोघं सारखे फुगत नाहीत, आणि दोघांचे काठ कितीही चांगले असले तरी केसभर फट राहतेच. ती फट भरायचं काम पॅकिंगचं.

जुन्या गाड्यांना हे पॅकिंग बहुधा कॉर्कचं असायचं, हल्ली रबर मिसळलेल्या कॉर्कचं किंवा नुसत्या रबराचं मिळतं, आणि नव्या बऱ्याच गाड्यांत तर पॅकिंग नसतंच, ट्यूबमधल्या सीलंटची रेघ ओढून चेंबर बसवतात. कॉर्क म्हणजे एका जातीच्या ओक झाडाची साल. सगळ्यात जास्त पोर्तुगालमधून येते. तिच्या पेशी हवेनं भरलेल्या असतात, त्यामुळे वरून दाब दिला की ती दबते, पण बाजूला जवळजवळ पसरत नाही. रबराचं तसं नाही. रबर दाबलं तरी त्याचं आकारमान तेवढंच राहतं, म्हणून ते कडेनं बाहेर यायला बघतं. या एका फरकातून पुढचं सगळं समजतं. कॉर्कवर जोर केला की ते बोल्टच्या भोकाशी फाटतं, रबरावर जोर केला की त्याची जिभली काठाबाहेर येते. आणि दोन्हीकडे खालचा पत्रा भोकापाशी वर ओढला जातो नि दोन बोल्टांच्या मधे सैल पडतो. तेल गळतं ते त्या मधल्या जागेतून. आवळला तो बोल्ट घट्टच असतो, त्याच्या शेजारची जागा त्यानंच उघडी पाडलेली असते.

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे आकडे मांडल्याशिवाय राहवत नाही. चेंबरचे बोल्ट साधारण सहा मिलिमीटर जाडीचे, दहा नंबरच्या पान्यानं फिरणारे. अशा बोल्टला १० न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ पुरतो, कॉर्क असेल तर त्याहूनही कमी. पाना पंधरा सेंटिमीटरचा धरला तर टोकाला जेमतेम सात किलोच्या वजनाइतका जोर. मनगटाला काही जाणवतसुद्धा नाही. पण आट्यांच्या उतारामुळे तोच पीळ बोल्टमध्ये सुमारे ८००० न्यूटनची ओढ तयार करतो, म्हणजे एकेका बोल्टवर आठशे किलोच्या वर भार. असे बोल्ट चेंबरच्या काठाला चहूकडून असतात. आपण ज्याला 'जरासं आवळलं' म्हणतो त्यात किती ताकद असते, हे कागदावर मांडलं तेव्हा माझा हात आपोआप हलका झाला.

माझी रोजची वाट पिरनवाडीवरून जांबोटीकडे जाते. पुढे हाच रस्ता मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीवरून चोर्ला घाटानं गोव्यात उतरतो. खानापूर तालुक्याच्या त्या बाजूला जून लागला की पाऊस मुक्कामालाच येतो. रस्त्याच्या कडेची जांभ्याची तांबडी माती चाकांबरोबर उडून गाडीच्या पोटाला बसते, आणि तिथं तेल आलेलं असेल तर दोन्हींचा मिळून असा काही लगदा होतो की खालून बघणाऱ्याला ब्लॉक कुठं संपला आणि चेंबर कुठं सुरू झाला हे ओळखू येत नाही. अशा अवस्थेत गळती कुठून आहे हे सांगणारा माणूस अंदाजानं सांगतो, मग तो कितीही अनुभवी असो.

म्हणून पहिलं काम धुण्याचं. तेल नेहमी वरून खाली येतं, आणि गाडी धावत असताना वाऱ्यानं मागे सरकतं. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग गेलं तरी शेवटी थेंब चेंबरच्याच काठावरून पडतो. फिल्टरचं रबर, ऑइल प्रेशरचा स्विच, क्रँकचं पुढचं-मागचं सील, तेल काढायच्या ड्रेन बोल्टचा वॉशर, यांतलं कोणीही गळलं तरी नाव चेंबरचं होतं. चेंबर उतरवून नवं पॅकिंग घालायचं आणि गळती वरून निघाली असं फार वेळा घडतं. इंजिन थंड असताना खालून घासून, पुसून, कोरडं करावं. मग संशयाच्या जागी टाल्कम पावडर हलकेच उडवावी, थोडी गाडी चालवावी आणि टॉर्च घेऊन खाली बघावं. पांढऱ्यावर तेलाची वाट स्पष्ट उमटते. माझ्या गाडीत ती चेंबरच्या मागच्या कोपऱ्याजवळ, दोन बोल्टांच्या बरोबर मधे सुरू झाली होती. वरचा सगळा भाग कोरडा.

तरीही आणखी एक गोष्ट बघायची राहते, आणि ती बहुतेक जण बघत नाहीत. पिस्टनच्या रिंगांतून थोडा जळका वायू नेहमीच खाली निसटतो. तो बाहेर काढायला टॅपेट कव्हरपासून हवेच्या फिल्टरकडे एक ब्रीदर नळी जाते. ती चोंदली की वायू आत कोंडतो, आणि कोंडलेला दाब सगळ्यात कच्च्या जोडातून तेल बाहेर ढकलतो. माझी नळी मी काढून उजेडात धरली तर आतून काळ्या चिकट्यानं निम्मी भरली होती. ती धुऊन मोकळी केली. हे केलं नसतं तर नवं पॅकिंगही थोड्याच दिवसांत पाझरलं असतं, याची मला खात्री आहे. गाडीच्या वयाला दोष देऊन मोकळं होण्याआधी या नळीकडे एकदा तरी बघावं.

पॅकिंग आणायला गेले त्या स्पेअरच्या दुकानात काउंटरवर एकाच वेळी तीन भाषा चालू होत्या. बैलहोंगलकडच्या गिऱ्हाइकाशी कन्नड, माझ्याशी मराठी, आणि ट्रकवाल्याशी हिंदी. माझ्या शेजारी चंदगडचे एक आजोबा जीपचं सामान न्यायला आले होते. बाची-शिनोळी ओलांडली की महाराष्ट्र, पण सामानासाठी त्या भागातल्या लोकांना बेळगावच जवळ. "अक्का, कॉर्कचं पायजे का रबरचं?" असं त्या पोरानं विचारलं आणि मी काही म्हणायच्या आत दोन्ही पुढ्यात ठेवली. कॉर्कचं घ्यायचं तर वाकवून बघायचं. ताजं असेल तर वाकतं, वर्षानुवर्षं फळीवर पडून सुकलेलं असेल तर तडकतं. त्यानं स्वतःच एक वाकवून दाखवलं, त्याच्या कडेला बारीक चीर दिसल्यावर ते बाजूला टाकलं आणि आतून दुसरं आणलं. विकता आलं असतं, पण त्यानं विकलं नाही. सोबत ड्रेन बोल्टचा नवा वॉशर, इंजिनासाठीच्या तेल सोसणाऱ्या सीलंटची एक छोटी ट्यूब आणि २० डब्ल्यू ४० तेल घेतलं. खिडक्यांच्या काचांना किंवा बाथरूमला लावतात तो सिलिकॉन इथं कामाचा नाही.

आता गाडीखाली जाण्याबद्दल. जॅक हा गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. हे वाक्य मी माझ्या भाच्याला काम सुरू करण्याआधी म्हणायला लावलं. विटा रचून त्यावर गाडी टेकवणं आपल्याकडे सर्रास दिसतं. वीट एकदम फुटते, आधी सांगत नाही. जांभ्याचा चिराही नको, तोही ठिसूळ. लोखंडी घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) भाड्यानं मिळतात किंवा ओळखीच्या गॅरेजमधून मागून आणता येतात. त्या फरशीसारख्या सपाट, कठीण जागेवर, चासीच्या मजबूत भागाखाली लावायच्या, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड द्यायचे, गाडी हलवून बघायची आणि मगच आडवं व्हायचं. पावसात मऊ झालेल्या अंगणात हे काम करूच नये. मी पोर्चमध्ये केलं.

तेल कोमट असताना काढलं. गार तेल सावकाश उतरतं आणि गाळ मागे ठेवतं, फार तापलेलं हात भाजतं. मग क्लचच्या घराला खालून झाकणारा पत्रा काढला आणि चेंबरचे बोल्ट सैल केले. प्रत्येक गाडीत हे इतकं सोपं नसतं. कुठं सायलेन्सरचा पाइप आड येतो, कुठं आडवा क्रॉस मेंबर, आणि काही गाड्यांत इंजिन थोडं उचलल्याशिवाय चेंबर बाहेरच येत नाही. काम हातात घेण्याआधी खाली पडून एकदा नुसतं बघून यावं. आडकाठी जास्त असेल तर ते काम गॅरेजचं आहे असं मानावं, त्यात काही कमीपणा नाही.

सगळे बोल्ट निघाले तरी चेंबर खाली आलं नाही. आधीच्या कुणीतरी कॉर्कच्या दोन्ही बाजूंना भरपूर सीलंट फासलं होतं, आणि ते ब्लॉकला घट्ट धरून बसलं होतं. अशा वेळी स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटायचा मोह होतो. पण जिथं तो टेकतो तिथं ब्लॉकच्या काठावर खाच पडते, आणि ती खाच म्हणजे पुढच्या गळतीची जागा. पुट्टी लावायची पातळ पाती कडेकडेनं सरकवत, लाकडी ठोकळ्यानं हलके ठोके देत गेलो. भाचा खालून हात लावून धरत होता. "आत्ती, सुटालंय, सुटालंय!" असं तो ओरडला आणि चेंबर त्याच्या दोन्ही हातांवर उतरलं.

उलटं ठेवून आत बघितलं तेव्हा मी बराच वेळ काही बोलले नाही. तळाला काळ्या गाळाचा थर होता, बोटानं ओढला तर रेघ उमटावी इतका. हा गाळ वाचता आला पाहिजे. बोटांत चोळल्यावर राखाडी, अगदी बारीक पेस्टसारखा लागला तर ती नेहमीची झीज. तांबूस-पितळी चमक दिसली तर बेअरिंगचा वरचा थर जाऊन आतला थर निघायला लागलाय असं समजावं आणि पॅकिंगचा विचार सोडून मोठ्या कामाची तयारी करावी. दुधाळ, कॉफीच्या रंगाचं तेल असेल तर रेडिएटरचं पाणी आत येतंय. माझ्याकडे राखाडी होतं, आणि त्यात जुन्या सीलंटचे तांबडे तुकडे. एक तुकडा तर तेल ओढणाऱ्या जाळीलाच चिकटला होता. आत सांडलेलं जादा सीलंट तेलात सुटून नेमकं जाळीवर जाऊन बसतं, हे मी ऐकून होते. आता डोळ्यांनी बघितलं. तेवढ्या जागेतून तेल जात नव्हतं. असे आणखी चार तुकडे बसले असते तर वर बेअरिंगांना तेल कमी पडलं असतं, आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागेपर्यंत उशीर झाला असता.

दुसरी गोष्ट बाहेरून दिसली. चेंबरच्या तळाला एक पोचा होता, रस्त्यातल्या कुठल्यातरी दगडानं वर दाबलेला. तो बरोबर जाळीच्या खाली होता. जाळी आणि तळ यांच्यात ठरावीक अंतर लागतं. पोच्यामुळे ते कमी झालं की पंपाला हवं तेवढं तेल ओढता येत नाही. खालून दगड लागल्याचा आवाज आला की आपण तेल गळत नाही ना एवढं बघतो आणि पुढे जातो. फुटलं नाही म्हणजे काही झालं नाही, असं धरून चालतो. पोचा आतून लाकडी दांड्यानं ठोकून खाली काढला.

यानंतर खरं काम सुरू झालं, आणि त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागला. दोन्ही काठ साफ करणं. चेंबर हातात होतं, ते डिझेलनं धुऊन, खरवडून, पुसून लख्ख करता आलं. ब्लॉकचा काठ मात्र डोक्यावर. पाठीवर पडून, डोळ्यांना गॉगल लावून, प्लॅस्टिकच्या पातीनं जुनं कॉर्क आणि सीलंट कणाकणानं काढायचं. ते तोंडावरच पडतं. लोखंडी पाती लवकर काम करते, पण ओरखडे पाडते, म्हणून ती फक्त चेंबरच्या पत्र्याला. आणि एवढं करून काठ कोरडा झाला म्हणावं तर वर क्रँकवर लोंबत असलेला तेलाचा एक थेंब ओघळत येऊन नेमका पुसलेल्या जागेवर थांबतो. पुसलं की दुसरा येतो. रात्रभर तसंच ठेवून निथळू दिलं आणि सकाळी परत पुसलं, तेव्हा कुठं कापड स्वच्छ निघालं. बोल्टांच्या भोकांतलं तेलही टिपून घेतलं. आटे तेलकट राहिले तर घर्षण कमी होतं आणि तेवढ्याच पिळात बोल्ट जास्त आवळला जातो. वर मांडलेलं गणित मग चुकतं.

शेजारचे मामा या सगळ्यात सकाळी दूध आणायला निघाले होते, ते थांबले ते थांबलेच. उद्यमबागेतल्या, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या, फाउंड्रीत आणि मग मशीन शॉपमध्ये त्यांची उमेदीची वर्षं गेली. चेंबर हातात घेऊन त्यांनी काठावरून अंगठा फिरवला, एकदाच. "आवळून आवळून वाटोळं केलंय बघ कुणीतर. हितं वर आलंय, हितं वर आलंय." प्रत्येक भोकाशी त्यांचा अंगठा थांबत होता. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं. मग त्यांनी घरातून टेबलाची जाड काच आणायला लावली, चेंबरचा काठ तिच्यावर पालथा ठेवला आणि वहीचा कागद कडेनं आत सरकवायला सांगितलं. भोकांपाशी कागद अडत होता, दोन बोल्टांच्या मधे सुळकन आत जात होता. आणि मागच्या कोपऱ्याजवळ, पावडरवर वाट उमटली होती त्याच जागी, सगळ्यात सहज गेला. तो काठ पापडाच्या कडेसारखा वरखाली झाला होता.

"फेस सरळ न्हाई पोरी, तर सोन्याचं पॅकिंग घाल, गळणारच," मामा म्हणाले. फेस म्हणजे जोडाची बसणारी बाजू. कारखान्यात हेच काम ते सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट केलेल्या पाटावर, करायचे. प्लेटला निळा रंग अगदी पातळ चोळायचा, जॉब त्यावर ठेवून हलकेच सरकवायचा, आणि जिथं निळं लागेल ती उंच जागा खरवडायची. परत ठेवायचं, परत खरवडायचं, निळे ठिपके सगळीकडे सारखे उमटेपर्यंत. कुठल्याही शाळेत त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. शेजारच्या मशीनवरच्या म्हाताऱ्या कारागिराचं बघून शिकले. लाकडाचा सपाट ठोकळा खाली धरून त्यांनी प्रत्येक भोकाची उंच जागा छोट्या हातोड्यानं हळूहळू बसवली. दर दोन-तीन ठोक्यांनी काच, कागद, अंगठा. घाई अजिबात नाही. ते करत असताना मी त्यांच्या हाताकडे बघत होते. उजव्या हाताच्या तर्जनीचं टोक कधीकाळी कशात तरी सापडून चपटं झालेलं आहे, आणि त्याच बोटानं ते कागद कुठं अडतोय हे बघत होते.

आमच्या गावाबद्दल लिहिताना लोक कुंदा लिहितात, सीमाप्रश्न लिहितात, हवा लिहितात. उद्यमबाग, मच्छे इथल्या भट्ट्यांतून पंपांचे, व्हॉल्व्हचे, गाड्यांचे किती सुटे भाग ओतून बाहेर जातात हे फारसं कुणी लिहीत नाही. लोखंडाचा हा नाद इथं जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा, १८६९ सालचा. १८८८ मध्ये त्यांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढे शेतीची अवजारं केली, आणि इथली जागा सोडावी लागल्यावर १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर कारखाना हलवला. तीच किर्लोस्करवाडी. त्यांचं नाव इतिहासात आहे आणि ते असायलाच हवं. पण ज्यांच्या अंगठ्याला काठाची केसभर उंची कळते अशी शेकडो माणसं या गावात निवृत्त होऊन घरी बसली आहेत, आणि त्यांच्याकडचं कुणी उतरवून घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मी ज्या शाळेत शिकवते तिथल्या कितीतरी मुलांचे वडील फाउंड्रीत मोल्डिंग करतात म्हणजे साचे भरतात, फेटलिंग करतात म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करतात. 'बाप काय करतो' असं विचारलं की ती मुलं 'कंपनीत आहेत' एवढंच सांगतात.

बसवण्याचं काम त्या मानानं थोडक्यात आटोपलं, कारण अवघड ते आधीच झालं होतं. कॉर्क कोरडंच घातलं. सीलंटचा शेंगदाण्याएवढा थेंब फक्त कोपऱ्यांत, जिथं ब्लॉकला दुसरा भाग येऊन मिळतो आणि जोडाची रेघ असते. सगळे बोल्ट आधी हातानं लावले. एक जरी पान्यानं आधी घट्ट केला तर भांडं तिरकं ओढलं जातं आणि शेवटचे बोल्ट भोकात शिरत नाहीत. मग मधल्या बोल्टांपासून सुरुवात करून टोकांकडे, समोरासमोर आलटून पालटून, थोडं थोडं, फेऱ्यांनी. शेवटची फेरी टॉर्क रेंचनं, मॅन्युअलातल्या आकड्यावर. रेंचचा 'कट' आवाज आला की थांबायचं. समोरच्या घरातले कन्नड शिक्षक एव्हाना कुंपणाशी येऊन उभे होते. भाच्यानं एका बोल्टला आणखी एक पीळ द्यायला हात लावला तसे ते आणि मामा दोघं एकदमच कन्नडमधून म्हणाले, "साकु, साकु." म्हणजे बास, बास. कॉर्क बाहेरून बघितलं तर सगळीकडे सारखंच दबलेलं दिसत होतं, कुठं फुगवटा नाही, कुठं सैल नाही. सीलंट सुकायला एक दिवस दिला आणि मगच तेल ओतलं, काडीवरची खूण बघत बघत, तीन लिटरच्या आत-बाहेर.

काढलेल्या तेलाचा प्रश्न उरतो आणि त्यावर मला दोन शब्द जास्त बोलायचे आहेत. जळकं ऑइल म्हणून ते सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला नेतात, कुंपणाच्या लाकडांना वाळवीसाठी फासतात, आणि ज्यांना कुठंच द्यायचं नसतं ते गटारात ओततात. २०१६च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल येतं, ते नोंदणी असलेल्या पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवं. नियम बाजूला ठेवला तरी आमच्या अनगोळ-शहापूर-वडगाव भागात गटार कुठं जातं हे सगळ्यांना ठाऊक आहे. बळ्ळारी नाला. पावसात तो फुगतो आणि त्याचं पाणी शिवारात पसरतं, तेच शिवार जिथं बेळगावचा बासमती पिकतो. तेलाचा तवंग पाण्यावर किती पातळ आणि किती लांब पसरतो हे कुणीही बादलीत एक थेंब टाकून बघावं. इंजिनात फिरलेल्या तेलात धातूची झीज आणि जळकी घाण असते, ती भाताच्या मुळाशी जाऊ देणं मला पाप वाटतं. मी ते सगळं, चेंबर धुतलेल्या डिझेलसकट, झाकणाच्या कॅनमध्ये भरलं आणि जे गॅरेज आपलं तेल अधिकृत उचल करणाऱ्याला देतं तिथं पोचवलं. ते कुणाला देतात हे आधी विचारून घ्यावं लागतं. लोक विचारत नाहीत, म्हणून गॅरेजवालेही सांगत नाहीत.

जांबोटीच्या वाटेवर गाडी पुन्हा रोज धावते आहे. मधूनमधून पावडर मारून मागचा कोपरा बघते. कोरडा आहे. पोटाला परत तांबडी माती बसली आहे, पण ती आता सुकी असते, ब्रशनं झटकली की पडते.

जुनं पॅकिंग मी टाकलं नाही. आठवीला बल आणि दाब शिकवताना ते वर्गात नेलं आणि मुलांच्या हातात दिलं. भोकांपाशी कागदाइतकं पातळ झालेलं आणि मधे मूळचं जाड राहिलेलं ते कॉर्क बाकांवरून फिरत गेलं. बल तेच, पण क्षेत्रफळ कमी झालं की दाब किती वाढतो, हे त्या दिवशी फळ्यावर फार समजवावं लागलं नाही. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीनं ते उजेडाकडे धरून बघितलं आणि सांगितलं की तिचे बाबा घरी असंच एक काळं पॅकिंग जपून ठेवतात, पंपाचं, पण ते कशाला ते तिनं कधी विचारलं नाही. "विचारून ये आणि लिहून आण," असं मी तिला सांगितलं. तिनं दोन पानं लिहून आणली, बोल्टांची आकृती काढून, आवळायच्या क्रमाचे आकडे घालून. आता वर्गातल्या आणखी काही जणांना घरी विचारायला सांगितलं आहे. टॅपेट कव्हरचं पॅकिंगही जुनं झालंय, ते दिवाळीच्या सुट्टीत बदलणार आहे. मामांनी काच त्यांच्याकडेच ठेवून घेतली आहे, आणि मुलांना घेऊन ये म्हणून सांगितलं आहे.